पत्ते माझ्या अक्षरात

त्या सप्टेंबरात आमच्या जेवणाच्या टेबलावर पोस्टकार्डांचे गठ्ठे असायचे. एका बाजूला कोरी, दुसऱ्या बाजूला पत्ते लिहून झालेली, आणि मधल्या एवढ्याशा जागेत आम्ही तिघं दाटीवाटीने ताटं मांडून जेवायचो. कार्डं शेजारच्या आजोबांनी आणून दिलेली होती. आजोबांच्या पक्षाच्या एका उमेदवाराचा प्रचार त्या कार्डांवर छापलेला होता.

जपानमध्ये राष्ट्राध्यक्ष नसतो. पण सत्ताधारी पक्षाचा जो अध्यक्ष होतो तोच बहुतेक वेळा पंतप्रधान होतो, त्यामुळे पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक ही देशाचीच निवडणूक असल्यासारखी लढली जाते. खासदारांच्या मतांबरोबर प्रत्येक प्रांतातल्या साध्या सभासदांची टपालाने आलेली मतंही तिच्यात धरली जातात. आम्ही राहतो ते ग्योतोकु चिबा प्रांतात येतं, आणि चिबातली मतं या उमेदवाराला काहीही करून हवी होती.

आजोबांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. पन्नास वर्षं ते त्या पक्षाचे सभासद होते. त्यांचे हात थरथरायचे, इतके की चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे. त्यांची बायको नागरी केंद्रात सुलेखन शिकवायची. मी इथे आले तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती आणि मला दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. त्या आजींनी मला समोर बसवून एकेक अक्षर शंभर शंभर वेळा गिरवायला लावलं. कौतुक कधी केलं नाही, पण शिकवणं सोडलंही नाही. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून त्या घरात चांगल्या अक्षरात काही लिहायचं असलं की आजोबा आमची बेल वाजवायचे आणि दारातच उभे राहून म्हणायचे, ‘ओकुसान, जरा त्रास देऊ का?’ ओकुसान म्हणजे आपल्याकडे शेजारणीला वहिनी म्हणतात तसंच काहीसं.

आणखी एक गोष्ट होती. आदल्या वर्षी आम्ही कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला होता. त्याला जपानी हमीदार लागतो. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या साहेबांनी फार गोड शब्दांत अंग काढून घेतलं. ते आजोबांच्या कानावर गेलं तेव्हा ते आपल्या नावाचा शिक्का घेऊन स्वतःच आले. सही करता येत नव्हती, म्हणून शिक्का. थरथरत्या हाताने तो दोनदा वाकडा उमटला, तर त्यांनी नवा कागद मागून तिसऱ्यांदा उमटवला.

दिवस बरे नव्हते. एकामागून एक पंतप्रधान पायउतार होत होते. तांदूळ इतका महागला होता की दुकानात ‘एका घराला एकच पिशवी’ अशा चिठ्ठ्या लागल्या होत्या. स्टेशनबाहेर भोंगा घेऊन परदेशी लोकांविरुद्ध बोलणारी माणसं आधी क्वचित दिसायची, आता दर शनिवारी असायची. त्यांची पत्रकं आमच्या पेटीतही पडायची. मी ती न वाचता कागदाच्या कचऱ्यात बांधून टाकायचे.

नवरा म्हणाला, तुला इथे मत नाही, त्यांच्या पक्षाचं सभासद होता येत नाही, मग यात कशाला पडतेस? मी म्हटलं, आजोबांना नाही कसं म्हणू? आणि तो उमेदवारही मला शहाणा वाटला होता. पहिल्या गठ्ठ्यातल्या कार्डांवर म्हाताऱ्या माणसांची काळजी, तांदळाचा भाव, गावाकडचे बंद पडणारे दवाखाने, असंच सगळं होतं. हाताने लिहिलेला पत्ता दिसला तर माणसं कार्ड वाचतात, नाहीतर फेकून देतात, असं आजोबा सांगायचे. मी मन लावून लिहीत होते.

दुसरा गठ्ठा दहा दिवसांनी आला. मधल्या काळात उमेदवार चिबात मागे पडल्याच्या बातम्या होत्या. नव्या कार्डांवर लाल अक्षरांत होतं, ‘आपली गल्ली आपल्याला परत हवी’, आणि खाली, परदेशी लोकांची संख्या कशी घटवणार ते. मी ते दारात उभ्या उभ्याच वाचलं. आजोबा चपलांच्या कपाटाकडे बघत म्हणाले की मजकूर टोकियोहून आलाय, इथल्या कुणी लिहिलेला नाही.

तेव्हा मी काही बोलू शकले असते. मी म्हटलं, ‘ठेवा. शुक्रवारपर्यंत करते.’ आणि केलं. पत्त्याची बाजू वर ठेवून लिहायचं आणि कार्ड उलटायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

रविवारी उमेदवार आमच्या स्टेशनसमोर आला. गर्दी कमी पडेल म्हणून आजोबांनी सगळ्या गल्लीला यायला सांगितलं होतं. मी मुलीला घेऊन गेले. ती तेरा वर्षांची. पोहण्याच्या सरावाहून आली होती, केस ओलेच होते. अशा सभांमध्ये गोळ्या झाडल्या गेल्याचं सगळ्यांना आठवत होतं, त्यामुळे पोलिसांनी आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या. मुलीचा ओला टॉवेलसुद्धा उलगडून पाहिला.

आजोबा प्रचाराच्या गाडीशेजारी खांद्यावरून पट्टा घालून उभे होते. उमेदवाराचा आवाज शांत होता, डॉक्टर बोलतात तसा. आधी तो तांदळावर बोलला. मग म्हणाला की वर्गात आपल्या मुलांना शिकवायचं सोडून बाई परक्यांच्या मुलांना जपानी शिकवत बसतात. आपण किती दिवस सोसायचं, असं त्याने विचारलं. टाळ्या पडल्या. आमच्या पुढच्या बाईने मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मुलीला माझ्यापेक्षा चांगलं जपानी येतं. तिच्या वर्गातल्या निबंधांना बक्षिसं मिळतात. ती माझ्या कानाशी येऊन जपानीतच हळू म्हणाली, ‘आई, आपण पण टाळ्या वाजवायच्या का? नाही वाजवल्या तर लोक बघतील.’

मी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या म्हणून तिनेही वाजवल्या. त्याच वेळी आजोबांची मान आमच्या बाजूला वळली आणि त्यांनी आम्हाला पाहिलं.

बुधवारी मुलगी शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच माझ्यासमोर उभी राहिली. फोनवर एक फोटो होता. तिच्या मैत्रिणीच्या आजोबांना आलेलं कार्ड. मैत्रिणीने ते तिला दाखवलं होतं, ‘याच्यावर जे लिहिलंय ते तुझ्याबद्दल नाहीये हं’ असं समजावून सांगायला. मैत्रीण चांगली होती. पण पत्ता पाहून माझ्या मुलीला अक्षर ओळखू आलं. शहराच्या नावातली शेवटची उभी रेघ मी जरा लांब ओढते, आजींनी शिकवली तशी.

घरी ती माझ्याशी जपानीतच बोलते, मी मराठीत विचारते. त्या दिवशी तिने मराठीत विचारलं.

‘हे तू लिहिलंस?’

‘हो.’

‘अजून किती?’

मी खरं सांगितलं. दोनशेच्या वर. खोलीत जाऊन तिने दार लावलं, आणि जेवायला आली तेव्हा पुन्हा जपानीत बोलायला लागली, अगदी सभ्यपणे, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तशी.

शनिवारी दुपारी आजोबा आले. हातात पक्षाची मतपत्रिका होती. तीही एक पोस्टकार्डच, तिच्यावर उमेदवाराचं नाव हाताने लिहून पाठवायचं असतं. मी त्यांना आत बसवलं. त्यांनी कार्ड आणि पेन माझ्यासमोर सरकवलं.

‘कुणाचं नाव?’ मी विचारलं.

त्यांनी त्याचंच नाव सांगितलं. मग म्हणाले, ‘पन्नास वर्षं झाली. आता या वयात मी कुठे जाऊ?’

‘हे मी नाही लिहिणार,’ मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणत होते. जपानीत नकार देताना जी गोल वाक्यं वापरतात त्यातलं एकही मला आठवलं नाही.

त्यांनी मान हलवली. ‘त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात,’ ते म्हणाले. ‘ते पाहून मला लाज वाटली. पण मीही वाजवत होतो.’

मग त्यांनी पेन घेतलं आणि माझ्याच टेबलावर बसून ते नाव लिहिलं. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं होतं. चार अक्षरांना पाऊण तास लागला. मी समोर बसून राहिले. शेवटी जे उमटलं ते मला तरी वाचता आलं नसतं. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून कोनबिनीच्या, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानाच्या, बाहेरच्या टपालपेटीत ते कार्ड मीच नेऊन टाकलं. ते मत धरलं गेलं की बाद झालं, कळायला मार्ग नव्हता.

चिबात तो उमेदवार पहिला आला. देशात मात्र खासदारांची मतं दुसरीकडे गेली आणि तो हरला. जो जिंकला, त्याच्या पहिल्याच भाषणात परदेशी लोकांबद्दलची तीच वाक्यं होती, फक्त आवाज जास्त मोठा होता. मी टीव्ही बंद केला आणि टेबल पुसून काढलं. बऱ्याच दिवसांनी ते रिकामं झालं होतं.

त्यानंतर आजोबांनी आमची बेल वाजवली नाही. लिफ्टमध्ये भेटले की वाकून नमस्कार करायचे, मीही करायचे. जानेवारीत त्यांचा मुलगा ओसाकाहून आला आणि त्यांना घेऊन गेला. सामानाची गाडी निघाली तेव्हा मी बाल्कनीतून पाहत होते. खाली जायला हवं होतं. चपला घातल्या, आणि त्या घालून दारातच उभी राहिले.

आमच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा जेवताना मुलगी म्हणाली की शाळा संपली की ती जपानमध्ये राहणार नाही. नवऱ्याने विचारलं, मग पुण्याला जाणार का? पुण्यात तिचा जीव रमत नाही, मराठी वाचताही येत नाही. ‘माहीत नाही,’ ती जपानीत म्हणाली, आणि आपली ताटली धुऊन ठेवून खोलीत गेली.