हॉलमधली बाज

मला घर सजवायचा नाद आहे आणि तो फोनवर बघून बघून लागलेला आहे. सगळं एकसारखं नको, जुनं-नवं बेधडक मिसळा, असं तिथे सांगतात. मी मिसळलं. राखाडी सोफ्याशेजारी महाल भागातल्या भंगारवाल्याकडचा तांब्याचा बंब ठेवला, बंबात मनीप्लांट लावला आणि एक भिंत गडद हिरवी केली. बायको म्हणाली, छान आहे. ती बघत नव्हती.

बाबांनी मात्र नीट बघितलं.

"बंबात झाड लावलं, तं पाणी कशात तापवाचं?"

"गीझर आहे ना, बाबा."

"मंग बंब काहून आणला?"

मी चिडून मनीप्लांटला पाणी घातलं.

बाबा दिवाळीपासून आमच्याकडे होते. गावी, काटोलच्या आमच्या बागेत विहिरीपाशी पाय घसरून पडले आणि दोन तास कोणाला पत्ता नव्हता, तेव्हा मी हट्टाने त्यांना घेऊन आलो. पण त्यांचं मन इथे रमेना. होळी झाली की मी चाललो, असं ते सांगत सुटले होते. पुन्हा एकटे पडून राहतील अशी मला भीती वाटायची. ती भीती मी सजावटीने घालवायला निघालो.

त्यांची सुतळीची बाज मी काटोलहून मागवली. सोफ्यासमोर बसायला होईल, वर दोन रंगीत उशा टाकू, बाबांनाही घरच्यासारखं वाटेल. लिफ्टमध्ये ती मावली नाही. हमालांनी सकाळी सकाळी चार जिने चढवली आणि अख्ख्या बिल्डिंगने बघितली.

आमच्याकडे बाज पुढच्या खोलीत येते ती एकाच कारणाने. घरात कोणी अंथरूण धरलं, की भेटायला येणाऱ्यांना सोयीचं पडावं म्हणून. हे मला ठाऊक होतं. फोनला नव्हतं, आणि मी फोनचं ऐकलं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू नारळपाणी घेऊन आल्या आणि दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "कसं आहे आता?" तिसऱ्या दिवशी काटोलहून बसने बाबांचा दोस्त आला, संत्र्यांची पिशवी घेऊन.

"काय गा, कसं वाटून राहिलं?"

"मले काही झालं नाही!" बाबा ओरडले.

"सारे असंच म्हनतेत," दोस्त म्हणाला आणि त्यांचे पाय चेपायला बसला.

त्या दिवशी बाबा माझ्यावर जाम भडकले. आणखी चार दिवसांनी बघतो तर ते बाजेवर आडवे होऊन नव्या पाहुण्यांना विहिरीपाशी पडल्याची हकीकत सांगत होते. त्यात आता सापही आला होता.

रविवारी पाहुणे गेल्यावर मी बाज उचलायला लागलो.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"अहो, लोक तुम्हाला आजारी समजतात."

"समजू दे. चार महिन्यांत एवढं कोणी बोललं नाही माह्याशी."

मला फार लाज वाटली. चार महिने त्याच हॉलमध्ये मी भिंतींकडे बघत होतो.

"मग होळीनंतर जायचं काय?" मी घाबरत विचारलं.

"कसा जाऊ? तुही आत्या येऊन राहिली भेटाले, कळमेश्वरचे व्याही येऊन राहिले." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "मी काटोलले गेलो, तं ते इथं पाहतीन कोणाले?"