शेवट शरयूताईंचाच

"आवाज कसाय तुझा? ओरडून दाखव!" शरयूताई दामले ओळख झाल्या झाल्या हेच विचारायच्या. भोपाळच्या पिपलानी वसाहतीत नवीन बदलून आलो, तेव्हा त्यांनी मलाही भर बसस्टॉपवर ओरडायला लावलं. मी कारखान्यातला साधा इंजिनियर. निमूट ओरडलो आणि मराठी मंडळाच्या नाटकात राजा झालो. बाईंना नाही म्हणायची कुणाची टाप होती?

त्या वर्षी गणपतीसाठी त्यांनी एक जुनं शोकांत नाटक काढलं. न्यायी राजाचा मुलगा स्वतःहून गुन्हा कबूल करतो आणि बापाला त्याला मरणाची शिक्षा द्यावी लागते. पोरं म्हणाली, "ताई, गिटार-ड्रम लावून म्यूझिकल करू, नाहीतर बसणार कोण?" मला वाटलं, आता बाई कडाडणार. पण त्या म्हणाल्या, "लावा की! दुःखाला काय पेटीच लागते होय?"

तालमीत मी गरजलो, "मी तुला शिक्षा देणार!" राजपुत्र झालेला निखिल भोपाळातच वाढलेला. तो गोंधळला. "काका, बाप पढाई करवणार, तर मी रडतो कशाला?" हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण! आम्ही हसून लोटपोट. ताई मात्र हसल्या नाहीत. तिथल्या तिथे त्यांनी गाणं रचलं. राजा विचारतो, 'काय शिक्षा देऊ तुला?' आणि मुलगा म्हणतो, 'खरं बोलायची शिक्षा तुम्हीच दिलीत, बाबा.' सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

मग मंडळाचे सेक्रेटरी जोगळेकर आले. "सणासुदीला रडारड नको. राजपुत्राला माफी द्या, नाहीतर हॉल मिळणार नाही."

"वाद्यं बदलली, चाली बदलल्या," ताई म्हणाल्या. "मरण बदलणार नाही."

ताईंचा एकुलता एक अभय असाच गणपतीत स्कूटरच्या अपघातात गेला होता. जोगळेकर त्यांचे शेजारी. त्यांच्याकडे वळून ताई म्हणाल्या, "तेव्हाही तुम्हीच म्हणालात, ताई, हळू रडा, बाहेर आरती चाललीय. मी ऐकलं. आता नाही ऐकायची." जोगळेकरांनी मान खाली घातली आणि हॉलची किल्ली टेबलावर ठेवून ते निघून गेले.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवण आली की तोच प्रयोग डोळ्यांपुढे येतो. राजपुत्र कोसळला, ड्रम थांबले. आता माझं शेवटचं गाणं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कुणीतरी ढसाढसा रडायला लागलं. बघतो तर जोगळेकर! पडदा पडला तरी त्यांचं रडणं थांबेना. पाणी घेऊन मी त्यांच्याकडे निघालो, तर विंगेतच ताईंनी माझा हात घट्ट धरला.

"थांब रे. रडू दे त्यांना मोठ्यानं. त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलाय माझा अभय."