तळाचं पाणी

शिवतेज चहा ढवळायचा नाही. शेवटचा घोट गोड हवा, म्हणायचा. नाक्यावरच्या कुत्र्यांना आडनावं द्यायचा. मी मराठीत एम.ए. केलं, एवढ्यावरून मला ‘कवी’ म्हणायचा. पाण्यात हीटरचा रॉड असला की कुणाला बाथरूमच्या दारातही उभं राहू द्यायचा नाही.

असा माणूस त्याच रॉडने गेला.

तो रबाळ्याच्या एका कारखान्यात पंप दुरुस्त करायचा. त्याचे वडील जोतीरामकाका वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी. उभा जन्म गोण्या उचलल्या. यंदा कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, रोज कमरेएवढ्या गरम पाण्यात बसा. फरक पडला तर काम, नाहीतर कायमचं घरी. काका घरी बसणारे नव्हते. शिवतेजने एक निळा ड्रम कापून आणला.

कोपरखैरण्याला त्यांच्या घरी पहिल्या दिवशी मी होतो. शिवतेजने प्लग काढला, रॉड बाहेर ठेवला. काका ड्रममध्ये उतरले आणि ओरडले.

“आरं, वर कढतंय आन् खाली बरफ हाय!”

“कवी, हात घालून बघ,” शिवतेज म्हणाला. “पाणी तापलं की फुगतं, हलकं होतं, वर जातं. आपला रॉड आखूड, वरच लटकतो. गरम पाणी आधीच वर. मग खालचं जड पाणी कशाला हलेल?”

“मग ढवळ ना.”

“तू ढवळ. तुझी डिग्री कामाला येईल.” तो हसला. “रॉड तळाशी पाहिजे. खालचं तापून वर, वरचं गार खाली. आपोआप फिरत राहील.”

मंगळवारी सकाळी त्याने रॉड दोरीला बांधून तळापर्यंत सोडला. रॉडवर एक रेघ असते. तिच्यावर पाणी जाता कामा नये. ती रेघ मला त्यानेच दाखवली होती. रेघ बुडाली, मूठ बुडाली. खालचं तापलं का बघायला त्याने हात घातला. बटण चालूच होतं.

घाई नव्हती. काका बाहेर चहा पीत होते.

त्याची आई, उज्वलाकाकू, मला दोनदा म्हणाली, “खालचं पाणी तापलं होतं रे. चांगलं तापलं होतं.” 

दिवसकार्य झाल्यावर काकांनी मला गच्चीवर नेलं. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. मार्केटचं नाव आता घरात निघत नाही.

“हे बग. झालं की तुला दावणार व्हता.”

उन्हात काळ्या रंगवलेल्या पाइपांची जाळी तिरकी उभी होती. तिच्याहून उंच, विटांवर, पत्र्याची टाकी. वीज नाही, पंप नाही. पाइपातलं पाणी उन्हाने तापून टाकीत चढणार, टाकीतलं गार खाली येणार.

“चालंल का रं हे?”

मी वाकून बघितलं. खालचा पाइप टाकीला घट्ट जोडलेला होता. टाकीच्या वरच्या बाजूला पत्र्यावर खडूने एक गोल काढला होता. तिथे वरच्या पाइपासाठी भोक पाडायचं राहिलं होतं.