मुडद्याच्या पार्टाला वन्स मोअर

रेवारामनं झाडीपट्टीच्या नाटकांत उभी जवानी घातली, पण वन्स मोअर काही त्याच्या वाट्याला आला नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायची, रात्रभर नाटक चालायचं, आणि हा आपला कधी शिपाई, कधी खलनायकाचा माणूस. तरी एकदा मिळेल म्हणून जीव टाकायचा. मग लकवा मारला. तोंड वाकडं झालं, उजवा पाय ओढत चालणं आलं, आणि कंपन्यांनी बोलावणं बंद केलं.

एक दिवस पुतण्या हेमेंद्र गोंदियाहून आला, तो मोबाइल पुढे करतच. इंग्लंडातल्या पोरांनी चार दमड्यांत काढलेला मुडद्यांचा सिनेमा त्यानं दाखवला. मेलेले उठून पाय ओढत लोकांच्या मागे लागतात आणि पब्लिक पोट धरून हसते.

"तसाच आपण झाडीबोलीत काढून राहिलो, काका. मेन मुडदा तुमी. तुमी फक्त चाला जी."

फक्त चाला म्हणे! मेकअपचा खर्च वाचवायचा होता लेकाला, दुसरं काय. रेवारामच्या बायकोच्या, रामबाईच्या, ते तिथल्या तिथं ध्यानात आलं.

"कायले जाता जी? तुमच्या पायावर हसतीन लोक."

"पायावर काऊन? माह्या कामावर हसतीन," रेवाराम म्हणाला, आणि आरशासमोर मुडद्याची नजर बसवायला लागला.

गोंदियाच्या एका हॉलमध्ये सिनेमा दाखवला. रेवाराम पडद्यावर आला की हशा. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "क्या मेकअप किया है यार! टांग तो देख." नजरेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. अंधारात रामबाईशेजारी बसलेल्या रेवारामला फार वाईट वाटलं.

सिनेमा संपल्यावर हेमेंद्रनं माइकवरून त्याला स्टेजवर बोलावलं. तो उठला, स्टेजवर चढला आणि पाय ओढत माइककडे निघाला. लोकांना वाटलं, मुडद्याचं चालणं करून दाखवतोय. सगळा हॉल हसला आणि मग ओरडला, "वन्स मोअर!"

रेवाराम थांबला. खरं सांगितलं असतं तर हॉल गप्प झाला असता. तो वळला आणि पुन्हा चालला. या खेपेला त्यानं पाय होता त्याहून जास्त ओढला, मान टाकली, हात लोंबवले, नजर थिजवली. टाळ्या थांबेनात.

बाहेर ऑटोजवळ तो रामबाईला म्हणाला, "पयल्यांदा त लकवाच चालला. दुसऱ्यांदा मी केलो."

"दिसलं मले," ती म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याचा पाय उचलून ऑटोत ठेवला.