फुकटची कॉफी

मशीनच्या कॉफीचा वास आला की मला पुण्यातल्या पहिल्या नोकरीचा पहिला आठवडा आठवतो. मी अमरावतीहून नुकतीच आले होते. आयटी कंपनीत कॉफी फुकट होती, साखरही हवी तेवढी. कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की मी कप घेऊन मशीनकडे सटकायची. एके दुपारी हात थरथरू लागले, छाती धडधडायला लागली. हार्ट अटॅकच आला असं वाटून मी घरी फोन केला आणि रडले. शेजारच्या टेबलावरची मुलगी मला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, “सकाळपासून काय घेतलंत?” मी कॉफीच्या कपांचा आकडा सांगितला. “अहो, हृदय ठणठणीत आहे. कॉफी कंपनीची असली तरी पोट आपलंच असतं ना?” ती मुलगी तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होती. मी लगेच घरी कळवायला फोन केला, तर बाबा पुण्याच्या गाडीत बसलेही होते, आणि त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. सकाळी ते दारात उभे राहिले, तांबारलेले डोळे, चुरगळलेला सदरा. मी खाली बघतच खरं काय ते सांगितलं. ते चपला काढून आत येऊन बसले. मग हळूच म्हणाले, “इतकी चांगली असते का गं ती कॉफी?” ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.