बिनखिळ्याचं देऊळ

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी सुट्टीत समुद्रकाठचं एक कोरीव लाकडी देऊळ पाहायला गेलो. "यात एकही खिळा नाही," वाटाड्याने छाती फुगवून सांगितलं.

शेजारी एक अनोळखी कामगार होता, सुट्टीतही भिलाईचा बिल्ला लावलेला. त्याची बायको म्हणाली, "ऐकलं काय? लोखंडाबिगर उभं हाय. अन् तुमी वावर विकून लोखंडात गेले!"

हत्ती, अप्सरा, समुद्र सोडून तो कामगार एखादा खिळा शोधत फिरला. शेवटी दारामागे सापडला. त्यावर वाटाड्याचा सदरा टांगला होता.

"अवं, इकडं ये! हा पाह्य खिळा!"

तिने पाहिला. "म्हंजे सदरा टांगाले वावर विकलं."

पोलादावरची पुष्कळ भाषणं मी ऐकली होती. त्यातलं एकही त्याच्या मदतीला आठवेना.