झाकणाच्या आतलं नाव

दामले सर आज सकाळी गेले.

चार दिवस आयसीयूबाहेर बसून मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली नाही. काचेतून त्यांच्या उशाजवळचा औषधाचा पंप बघत राहिले.

याचा प्रोग्राम कोणी लिहिला असेल? नीट तपासला असेल ना?

ही भीती मला सरांकडूनच मिळाली.

नारायण पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं वर्कशॉप. नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर आम्ही तिथे बनवायचो. आतल्या कंट्रोलरचा प्रोग्राम माझा.

माझी पहिलीच नोकरी. पप्पा खडकीला फॅक्टरीत हेल्पर. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी.

सरांचा एक नियम होता. ज्याने प्रोग्राम लिहिला, त्याने मशीनच्या झाकणाच्या आत मार्करने आपलं नाव लिहायचं.

"बाहेर कंपनीचं नाव असतं, इंगळे. आत माणसाचं."

मी पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा फोटो काढून आईला दाखवला होता.

आठच दिवसांनी विश्रांतवाडीच्या एका हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, तुमचं मशीन फार तापतंय. अलार्म वाजला. बाळ बाजूला घेतलंय."

बाळ ठीक होतं.

मशीन परत आणलं. दोन दिवस शोधत होते. चिप बदलली, सेन्सर बदलला. कोडमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं: हीटर बंद झाला की ३०० सेकंद थांब.

"सर, मी तीनशेच पाठवलेत. हे बघा ना."

"तुम्ही काय पाठवलंत ते दिसतंय हो. पोचलं काय, ते बघितलंत का?"

मग हीटर थांबवून ठेवणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याच्या आत पोचलेला आकडा छोट्या स्क्रीनवर आणला.

४४.

ज्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे आकड्याच्या कप्प्यात, मी ३०० टाकत होते, तो एका बाइटचा होता. त्यात २५५ च्या वर मावतच नाही. २५६ झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून; ३०० मधून २५६ गळाले, उरले ४४. पाच मिनिटं थांबायचा हीटर पाऊण मिनिटात पुन्हा चालू होत होता.

टेस्टिंगला वेळ वाचावा म्हणून मी ६० ठेवायचे. साठ व्यवस्थित मावत होते. मशीन पाठवायच्या दिवशी फक्त आकडा बदलला. कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने वॉर्निंग दिली होती. मी वाचली नव्हती.

नोकरी जाणार, एवढंच डोक्यात होतं.

"सर, सेन्सर खराब होता असं सांगू या का?"

हे मी विचारलं होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

सरांनी झाकण उघडून माझ्यासमोर ठेवलं. शेजारी स्पिरिटचा बोळा.

"सांगा की. आधी हे पुसा."

माझं नाव.

नाही पुसलं.

कोड दुरुस्त केला, पूर्ण तीनशे सेकंदांवर दिवसभर चालवला, आणि मशीन घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. सर सोबत आले, पण बाहेर स्कूटरवरच बसले.

सिस्टरना सांगितलं, चूक माझी होती. त्यांनी मशीनचा प्लग माझ्या हातात दिला.

"आता बरोबर आहे म्हणताय ना? मग माझ्यासमोर तासभर चालवून दाखवा."

तासभर उभी होते. बाहेर आले तर सर म्हणाले,

"मला वाटलं, तुम्हालाच ॲडमिट केलं."

माझ्या चुकीबद्दल एक शब्द नाही. पुन्हा कधीही नाही.

आज सकाळी पंप काढायला आलेल्या सिस्टरना मी विचारलं, "हा नीट चालत होता ना?"

"हो. शेवटपर्यंत."

त्या पंपाच्याही आत कोणाचं तरी नाव असेल. त्या माणसाचे आभार.

सर, माझं नाव अजून आत आहे.

शेवटचा नमस्कार.